डास धुराने मरत नाही : परसातल्या पाण्याचा इतिहास

१/ आज २० ऑगस्ट. १८९७ साली याच दिवशी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरला डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परजीवीची वाढ दिसली. म्हणून हा जागतिक डास दिन. दरवर्षी या सुमारास दोन गोष्टी हटकून घडतात. समाजमाध्यमांवर एक संदेश फिरू लागतो, की पूर्वी अंगणात शेणाचा सडा होता, तिन्हीसांजेला गोवरीवर कडुनिंबाचा पाला धुमसत असे, म्हणून आपल्या पणजीच्या काळी डास नव्हते. आणि गल्लीतून धूरफवारणीचे यंत्र घुमत जाते. माझे म्हणणे असे, की हे दोन्ही धूर एकाच जातीचे आहेत. काहीतरी केल्याचे समाधान दोन्ही देतात, आणि परसातल्या पाण्याला दोन्ही हात लावत नाहीत.

२/ आधी पणजीचा काळ. चरकसंहितेत विषमज्वराचे प्रकार दिले आहेत : संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक, चतुर्थक. तृतीयक म्हणजे एक दिवस सोडून येणारा ताप, चतुर्थक म्हणजे दोन दिवस सोडून येणारा. मराठीत 'हिवताप' हा शब्द रॉसच्या शोधातून आलेला नाही; हुडहुडी भरून येणारा ताप लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या अंगावर काढला, त्यातून तो आला. ज्या समाजात डास नाहीत त्या समाजाला तापाच्या पाळ्यांची एवढी बारीक परिभाषा लागत नाही. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्येही सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टा भेटतो तो तापाचा मुलूख म्हणूनच. रावेर त्याच पायथ्याला आहे. पूर्वजांविषयी आदर असावा, पण त्यांनी सोसलेला आजार पुसून टाकणे हा आदर नव्हे.

कडुनिंबाच्या धुराने डास काही काळ दूर राहतात, हे खरे आहे. धूर विरला की ते परततात. घरात कोंडलेला धूर फुप्फुसांचे काय करतो, ते चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बायकांना विचारावे.

३/ आता आपल्या शेजारची एक गोष्ट, जी पाठ्यपुस्तकांत कधी दिसत नाही. विल्यम ग्लेन लिस्टन हा लष्करी वैद्यकीय अधिकारी एलिचपूरच्या छावणीत, म्हणजे आजच्या अचलपुरात, अ‍ॅनोफेलीस डासांच्या सवयी न्याहाळत होता. (पुढे परळच्या प्रयोगशाळेत प्लेग व उंदरावरची पिसू यांचा संबंध तपासणारा लिस्टन तो हाच.) १९०१ साली त्याने तिथल्या एका नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. ती अ‍ॅनोफेलीस स्टिफेन्सी. नाव स्टिफन्स या ब्रिटिश हिवताप-संशोधकावरून. अचलपूरकडचे पाणी पूर्णेला जाते, पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते, आणि तिथून रावेर तालुका फार दूर नाही. म्हणजे शहरी हिवतापाचा हा कुप्रसिद्ध वाहक शास्त्राला प्रथम ठाऊक झाला तो आपल्याच खोऱ्यात.

या डासाला दलदल लागत नाही. त्याला माणसाने साठवलेले स्वच्छ पाणी आवडते : विहीर, हौद, उघडी टाकी. २०१२ मध्ये तो आफ्रिकेतील जिबूतीत सापडला. त्या वर्षी तिथे हिवतापाचे २७ रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये ती संख्या सत्तर हजारांच्या पुढे गेली. 'डास घाणीत होतात' एवढेच शिकलेल्यांनी हे आकडे पुन्हा वाचावेत.

४/ शोध लागल्यावर रॉसचा निष्कर्ष सरळ होता : डासाच्या अळीवर, म्हणजे पाण्यावर, तुटून पडा. १९०२ मध्ये त्याने 'मॉस्किटो ब्रिगेड्स' नावाचे पुस्तकच लिहिले. त्याच सुमारास विल्यम गॉर्गस या अमेरिकन लष्करी डॉक्टरने हवानात घरोघर माणसे पाठवून पाण्याची पिंपे व टाक्या तपासल्या, झाकायला लावल्या, अळ्या सापडल्यास दंड केला. १९०१ मध्ये पीतज्वर त्या शहरातून हटला. तो पसरवणारा डास एडिस इजिप्ती, म्हणजे आज आपल्याकडे डेंग्यू पसरवतो तोच. हवाना तेव्हा अमेरिकी लष्कराच्या ताब्यात होते, हेही विसरू नये; बंदुकीच्या छायेत घरोघर तपासणी सोपी जाते.

भारतात नेमका उलटा धडा घेतला गेला. लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत १९०२ पासून काही वर्षे डास हटवण्याचा प्रयोग झाला आणि फसला. रॉस संतापून म्हणत राहिला, की काम अर्धवट केले. सरकारला मात्र निमित्त मिळाले : एवढ्या विस्तीर्ण देशात पाण्याच्या मागे कोण लागणार, क्विनीन वाटा.

५/ मुंबईचे उदाहरण याच ठिकाणी महत्त्वाचे ठरते. १९११ मध्ये सी. ए. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाच्या कारणांचा अहवाल दिला. मियाँ मीरच्या सभोवती कालव्यांचे रान होते. मुंबईत डासांची जन्मस्थाने मोजता येण्याजोगी होती. मुख्य गुन्हेगार तोच, अचलपूरचा स्टिफेन्सी. त्याचे घर म्हणजे वाड्यांतल्या, चाळींतल्या, परसातल्या विहिरी.

विहिरी बुजवा वा झाका म्हटल्यावर वादंग उठले. पारशी आणि हिंदू कुटुंबांना धर्मकार्यासाठी विहिरीचेच पाणी हवे होते. हा विरोध निव्वळ अडाणीपणा म्हणून उडवून लावण्याची आपल्याला सवय आहे. मला ती मान्य नाही. ज्याच्या दारी पिढ्यान्‌पिढ्या स्वतःचे पाणी आहे, त्याला ते सोडून पालिकेच्या तोटीवर विसंबायला सांगणे ही लहान मागणी नव्हे. शेवटी काही विहिरी झाकण आणि बारीक जाळी बसवून राखण्याची तडजोड निघाली. पण बहुतांश शहराला विहीर सोडणे शक्य झाले, कारण तोटी आधीच आली होती : विहारचे पाणी १८६० मध्ये, तानसाचे १८९२ मध्ये. आधी पर्याय आला, मग सक्ती. या धाग्यातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा.

६/ मग डीडीटी. १९४६ पासून तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील धारवाड व उत्तर कानडा जिल्ह्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली डीडीटीची फवारणी झाली. तिच्या यशावर १९५३ चा राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला, आणि १९५८ मध्ये 'नियंत्रण' जाऊन 'निर्मूलन' आले. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला अंदाजे साडेसात कोटी रुग्ण व आठ लाख मृत्यू होत. १९६५ मध्ये रुग्ण सुमारे एक लाखावर आले. हे यश प्रचंड होते आणि त्याची थट्टा करण्याचे मला कारण नाही.

पण हे यश धुराचे नव्हते. डीडीटी घराच्या आतल्या भिंतींवर मारले जाई, म्हणजे रक्त पिऊन भिंतीवर विसावणारी मादी मरे. आणि ती मोहीम मुख्यतः खेड्यांची होती. शहरांतल्या अळ्यांचे काम स्थानिक संस्थांवर सोडले गेले, आणि तिथे ते पडून राहिले. १९७१ मध्ये नागरी हिवताप योजना काढावी लागली. १९७६ पर्यंत देशातील रुग्णसंख्या पुन्हा ६४ लाखांवर गेली होती. डासांनी कमावलेली प्रतिकारशक्ती, पैशांची टंचाई, ढिलाई ही कारणे सर्वश्रुत आहेत; शहरांतल्या उघड्या टाक्या आणि हौद क्वचित कोणी मोजतो.

७/ आता आजच्या गल्लीकडे येऊ. यंत्राचा धूर हवेत उडणाऱ्या डासाला लागला तर तो मरतो. पाण्यातल्या अळीला तो काहीही करत नाही. एडिस दिवसा चावतो आणि एरवी पलंगाखाली, कपड्यांच्या दोरीमागे, अंधाऱ्या कोनाड्यात बसतो. आपण धुराला घाबरून दारे-खिडक्या लावून घेतो, म्हणजे त्याला संरक्षणच देतो. चार दिवसांनी नवी पिढी हौदातून बाहेर. साथ भडकली असताना धुराला जागा आहे. एरवी तो दिसतो, घुमतो, छायाचित्रात उमटतो. पिंप घासणाऱ्या माणसाचे छायाचित्र कोण काढणार?

धूर पांगला की पत्रक येते : 'नागरिकांनी दक्षता घ्यावी.' या वाक्यातला नागरिक बहुधा बाई असते. खानदेशातल्या अनेक शहरांत नळाला रोज पाणी येत नाही. मग पिंप, हंडे, सिमेंटचा हौद, गच्चीवरची टाकी हे सारे भरून ठेवणे हा निष्काळजीपणा की शहाणपण? वर उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, म्हणून घरोघरी कूलर, आणि पावसाळ्यात त्याच कूलरच्या तळाशी उरलेले पाणी. बेंटलीच्या मुंबईत तोटी आधी आणि नोटीस नंतर होती. आपण नोटीस आधी काढतो. पाणीपुरवठा आणि डासनियंत्रण हे एकच काम आहे, हे शंभर वर्षांपूर्वी कळलेले सत्य आजही दोन वेगळ्या खात्यांत विभागलेले आहे.

(केळीच्या बागांवर खापर फोडणाऱ्यांसाठी : डेंग्यूचा डास घराभोवतीचा. तो सहसा शे-दोनशे मीटरपलीकडे जात नाही. शिवारातली बाग त्याचे माहेर नव्हे; तुमचे आणि शेजाऱ्याचे परस आहे.)

८/ तोटी रोज येईपर्यंत काय करायचे, हा प्रश्न रास्त आहे. पावसाळी हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस. पण नुसते ओतून देणे पुरत नाही, आणि ही गोष्ट पत्रकात क्वचित सांगतात : एडिसची अंडी पाण्याच्या कडेला भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात. पिंप आतून काथ्याने खरवडून घासले नाही, तर नवे पाणी भरताच तीच अंडी फुटतात. परसात फिरून पाहा : कुंडीखालची थाळी, कूलरचा तळ, सरपणाआड पडलेला टायर, नारळाची करवंटी, गुरांचे किंवा पक्ष्यांचे पाण्याचे भांडे. जे रिकामे करता येत नाही त्यावर फडके ताणून दोरीने घट्ट बांधावे. सैल झाकणाच्या फटीतून मादी सहज आत जाते. संडासाच्या टाकीच्या वायुनळीला जाळी हवी, कारण रात्री कानाशी गुणगुणणारा क्युलेक्स तिथून आणि गटारातून येतो. आरोग्यसेवक हौदात अ‍ॅबेटचे थेंब टाकायला आला तर त्याला परत पाठवू नका. ते औषध अळीसाठीच असते.

९/ प्रतिसादांत गप्पी माशांविषयी बरेच विचारणे झाले, म्हणून थोडेसे. 'गप्पी'चा गप्पांशी संबंध नाही. त्रिनिदादमधल्या गप्पी आडनावाच्या निसर्ग-अभ्यासकावरून ते नाव पडले. गंबुशिया हा दुसरा मासा, १९२८ मध्ये इटलीतून भारतात आणलेला. दोन्ही अळ्या खातात. न वापरली जाणारी विहीर किंवा घासता न येणारा मोठा हौद असेल, तर मासे उत्तम. आठवड्याला रिकाम्या होणाऱ्या पिंपात त्यांचा उपयोग नाही. आणि उरलेले मासे सुकी नदीत सोडू नयेत. गंबुशिया देशी माशांची अंडी-पिल्लेही खातो. ते उरलेच तर शेजारच्या हौदाला द्यावेत.