हाडे ठिसूळ झाली तरी उठणे-बसणे सोडू नका



आपल्या घरांत हे हमखास घडते. दादी किंवा नानी घसरून पडते, मनगट मोडते, दीड महिन्याने प्लास्टर निघते. मग घरातले सगळे प्रेमाने एकच सांगू लागतात, "अम्मी, तुम्ही उठू नका, बसल्या जागी सांगा." पाणी हातात, जेवण हातात. काही महिन्यांत तीच अम्मी पलंगावरून उठायलाही दुसऱ्याचा हात मागते. हाड जपायच्या नादात पायांतली ताकद जाते आणि दुसऱ्यांदा पडण्याची तयारी आपणच करून ठेवतो.

हाड म्हणजे काही भिंतीतली वीट नव्हे. ते जिवंत असते. उभे राहताना, चालताना स्नायू त्याला ओढतात आणि त्या ताणामुळेच शरीर हाड राखून ठेवते. अंतराळात शरीराचे वजन पायांवर येत नाही. तिथे तरुण, धडधाकट अंतराळवीरांच्या खुब्याचे हाडही दर महिन्याला सुमारे १ टक्का झिजते. मग सत्तरीच्या माणसाला पलंगावर बसवून ठेवले तर काय होईल? व्यायामाने या वयात हाड पुन्हा तरुण होत नाही. पण झीज मंदावते, तोल सुधारतो आणि पडणे टळते. खुब्याचे हाड बहुधा पडूनच मोडते, म्हणून हा फायदा मोठा आहे.

आधी डॉक्टर

साध्या पडण्याने हाड मोडले असेल, उंची कमी झाली असेल, पाठीला पोक आले असेल किंवा पाठीत अचानक कळ सुरू झाली असेल, तर व्यायामाआधी डॉक्टरांना दाखवा. ते सांगतील तर डेक्सा तपासणी करून घ्या. तिच्यात टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली आला तर त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. उठल्यावर चक्कर येत असेल तर तेही सांगा. कधी कधी ते रक्तदाबाच्या गोळीमुळे असते.

पायरी पायरीने

पाढे न येणाऱ्या मुलाला आपण अपूर्णांक शिकवत नाही. इथेही तसेच.

पहिली पायरी: हात असलेली मजबूत खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हातांचा आधार घेऊन उठायचे, सावकाश बसायचे, पाच वेळा. मग स्वयंपाकाचा ओटा धरून टाचा उचलायच्या, पाच ते आठ वेळा. हे एक दिवसाआड करा.

दुसरी पायरी: दहा वेळा सहज जमू लागले की हात मांड्यांवर ठेवून उठा. ओटा धरूनच एका पायावर दहा सेकंद उभे राहा, मग दुसऱ्या पायावर. भिंतीवर दोन्ही तळवे टेकून भिंत ढकला. अंगणात दहा मिनिटे चाला.

तिसरी पायरी: अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या दोन हातांत घ्या. त्या साधारण अर्धा-अर्धा किलोच्या होतात. कोपरे अंगाजवळ ठेवून हात वाकवा, सरळ करा. कठडा धरून जिन्याची एकच पायरी चढा, उतरा. भिंतीला पाठ टेकून उभे राहा आणि खांदे मागे न्या.

यापुढचे जड वजन फिजिओथेरपिस्टच्या नजरेखालीच. ऑस्ट्रेलियात हाडे विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांना आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास जड वजनाचा व्यायाम दिला गेला. आठ महिन्यांत त्यांच्या कंबरेच्या मणक्याची घनता वाढली. २०१८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मात्र तिथे शिकवणारा तज्ज्ञ प्रत्येक वेळी समोर उभा होता. मोबाईलवर व्हिडिओ पाहून घरी करायचे ते काम नव्हे.

एका वेळी एकच गोष्ट वाढवा: एक तर संख्या, नाही तर वजन. स्नायू दुखून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरे वाटले तर हरकत नाही. पाठीत तीव्र कळ आली, छातीत दुखले, धाप लागली तर थांबा आणि दाखवा.

वाकायचे कुठून?

ठिसूळ मणक्याला सर्वांत वाईट म्हणजे पाठ गोल करून पुढे वाकणे आणि त्यातच वळणे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९८४ साली अशा ५९ स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. पाठ मागे ताणण्याचा व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के जणींचे मणके पुढे नव्याने दबले. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हेच प्रमाण ८९ टक्के होते. संख्या लहान होती, पण इशारा स्पष्ट आहे. पायाचे अंगठे धरणे, उताणे झोपून उठून बसण्याचे व्यायाम, जमिनीवरची भरलेली बादली झटक्याने उचलणे, हे टाळा. केरसुणीला लांब दांडा लावा.

आणि इथे नमाजकडे पाहा. रुकूत पाठ सरळ ठेवणे ही सुन्नत आहे. म्हणजे वाकायचे ते खुब्यातून, पाठीतून नव्हे. फिजिओथेरपिस्टही नेमके हेच शिकवतात. सजद्याला जाताना घाई नको. शेजारच्या पक्क्या स्टुलावर हात ठेवून आधी एक गुडघा टेका, मग दुसरा. उठताना एक पाऊल पुढे घेऊन हातांनी रेटा द्या.

मणका दबला असेल आणि डॉक्टरांनी वाकायला मनाई केली असेल, तर हट्ट नको. इमरान बिन हुसैन (रजि.) यांना आजारपणात रसूलुल्लाह ﷺ यांनी उभे राहून, जमत नसेल तर बसून आणि तेही जमत नसेल तर कुशीवर नमाज अदा करण्याची मुभा दिली होती. सही बुखारीत ही हदीस आहे. मात्र तिचा क्रम लक्षात घ्या. पहिले स्थान उभे राहण्याचेच आहे. कियाम जमतो पण सजदा जमत नाही, अशा वेळी काय करावे, हा मसला डॉक्टरांचे म्हणणे सांगून आलिमांना विचारा. नुसत्या भीतीने खुर्ची धरू नका.

वुजू, थंडी आणि सफर

एका पायावर उभे राहून दुसरा पाय बेसिनमध्ये धुणे हा पडण्याचा सोपा मार्ग आहे. वुजू स्टुलावर बसून करा. खाली रबरी चटई ठेवा आणि उठण्याआधी पाय पुसा. फज्रला उठताना दिवा लावा.

आपल्या निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. डिसेंबर-जानेवारीत पारा पाच अंशांच्या खाली जातो. अंग आखडलेले, रस्त्यावर धुके. अशा वेळी फज्रनंतर लगेच अंधारात फिरायला निघण्यापेक्षा ऊन वर आल्यावर चाला. उन्हाने ड जीवनसत्त्वही मिळते. रमजानमध्ये व्यायाम इफ्तारनंतर तासाभराने, थोडाच करा.

उमऱ्याची नियत असेल तर तयारी तीन-चार महिने आधीच सुरू करा. सफा-मरवाच्या सात फेऱ्या मिळून तीन किलोमीटरहून जास्त चालणे होते आणि तवाफ वेगळा. दहा मिनिटांपासून सुरुवात करून दर आठवड्याला थोडी थोडी वेळ वाढवा. गरज पडली तर तिथे व्हीलचेअर आहेच, त्यात कमीपणा नाही.

सोबत आहारही हवा. पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली सांगितले आहे. दूध, दही, नाचणीची भाकरी, तीळ घरात असतातच. डाळ, अंडी, मासेही ठेवा, कारण स्नायूंना प्रथिने लागतात.

शेवटचे एक काम घरातल्या मुलांना द्या. एका वहीत तारीख आणि दादी किती वेळा उठली-बसली ते लिहायला सांगा. पाचाचे दहा झालेले दादीला वहीत दिसले की पुढच्या दिवशी ती स्वतःहून खुर्चीकडे जाईल. आणि नातवालाही कळेल की खिदमत म्हणजे दादीला बसवून ठेवणे नव्हे, ती उठताना शेजारी उभे राहणे.

अल्लाह आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आफियत देवो. आमीन.