इंट दोन बाइटांचा? कोणी सांगितलं?

स्पष्टच लिहितो, ओळखीतल्या मास्तर मंडळींना राग आला तर येऊ द्या. ‘सी भाषेत इंट किती बाइटांचा?’ या प्रश्नाला नुसतं ‘दोन’ हे उत्तर चूक आहे. नुसतं ‘चार’ हेही चूकच. तरी आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात (नाव राहू दे) भाच्याने ‘कंपायलरवर अवलंबून’ असं लिहिलं आणि गुण गेला. "मामा, दोनच लिहा लागते म्हणे!"

हे ‘दोन’ आलं कुठून? बोर्लंडच्या टर्बो सीतून. तो १९८७ चा, डॉसवरचा, १६ बिटांचा. तिथे इंट ३२,७६७ ला संपायचा. आपल्याकडे कितीतरी बॅचेस त्या निळ्या पडद्यावरच सी शिकल्या आणि एका कंपायलरची सवय भाषेचा नियम होऊन बसली. भाषेचं प्रमाण एवढंच म्हणतं, की इंट किमान १६ बिट आणि लाँग किमान ३२. किमान! (काका-मावश्यांनो, पायलीत धान्य किती, हे गाव विचारल्याशिवाय सांगता यायचं का? तसंच हे.)

बरं, नुकसान काय? २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८. टर्बो सीमध्ये ती लाँगमध्ये अगदी नीट ठेवा आणि प्रिंटएफला टक्का-एलडीऐवजी टक्का-डी द्या. छापून येईल ३०,३५४, म्हणजे ६५,५३६ ने भागून उरलेली बाकी. उणे आकडा आला असता तर निदान कुणी दचकलं असतं. हा तर एखाद्या तालुक्याच्या गावाचा वाटतो! आजच्या मशीनवर हाच प्रोग्राम बहुधा बरोबर आकडा छापेल, पण म्हणून प्रोग्राम बरोबर ठरत नाही.

‘मग सरसकट लाँग वापरा’ म्हणणारेही भेटतात. ६४ बिटांच्या लिनक्सवर लाँग ८ बाइटांचा, ६४ बिटांच्या विंडोजवर ४. घ्या! नक्की रुंदी हवी तर १९९९ च्या प्रमाणाने एसटीडीइंट डॉट एचमध्ये इंट३२_टी, इंट६४_टी दिलेत, आणि छापायला इंटटाइप्स डॉट एचमध्ये पीआरआयडी६४ वगैरे मॅक्रो. दिसायला ओंगळ आहेत, मान्य.

‘पहिल्या वर्षाच्या पोरांना एवढं कशाला?’ अहो, साइझऑफ एका ओळीत छापून होतं. टर्बो सी आणि जीसीसी, दोन्हींवर चालवून दाखवा. पुढचे प्रश्न पोरंच विचारतील. जीसीसीला डॅश-वॉल लावायची सवय लावा, टक्का-डी चुकला की तो आधीच ओरडतो. आणि परीक्षेत विचारायचंच असेल, तर ‘इंट किमान किती बिटांचा?’ असं विचारा.