ब्रेकचा तगादा

कराडहून कोयनानगरमार्गे चिपळूणकडे उतरणाऱ्या कुंभार्ली घाटात, पावसाळा नुकताच सरला असता, माझ्या मोटारीच्या ब्रेकचे पॅडल नेहमीच्या जागी न थांबता पायाखाली मऊ होऊन खाली खाली जाऊ लागले आणि पुढच्या चाकांकडून करपल्याचा वास आत शिरला, त्या क्षणाच्या आठवणीने आजही माझे चित्त अस्वस्थ होते. गाडी पहिल्या गिअरमध्ये आणून डोंगराच्या अंगाला लावली, तासभर थांबलो, आणि ब्रेक निवल्यावर अत्यंत मंद गतीने पोफळी गाठली. चिपळुणात मिस्त्रींनी चाक खोलून जे दाखविले त्याने मात्र मी भयापेक्षाही अधिक लज्जित झालो. कारण पॅडवरचा घर्षणाचा थर जवळजवळ संपला होता आणि डिस्कवर नखाला लागतील असे चरे उमटले होते. याची सूचना मला दीड महिना आधीपासून मिळत होती. दर सिग्नलपाशी पुढच्या चाकातून बारीक, कर्कश आवाज येई, आणि तो धुळीचा असावा अशी स्वतःची समजूत घालून मी काच वर करीत असे.

तो आवाज धुळीचा नव्हता. पुष्कळ गाड्यांच्या पॅडला कारखान्यातच एक लहानशी पोलादी पट्टी बसविलेली असते. पॅड झिजत झिजत दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती डिस्कला घासू लागते आणि मालकाकडे रीतसर तगादा लावते. नवा पॅड साधारणपणे १० ते १२ मिलिमीटर जाड असतो, व ३ मिलिमीटर उरला की त्याची मुदत भरली असे समजावे. अलॉय चाकाच्या आऱ्यांतून टॉर्चच्या उजेडात बाहेरचा पॅड दिसतो खरा, परंतु आतला पॅड पुष्कळदा त्याच्या आधी झिजतो, म्हणून चाक उतरविल्यावाचून खातरजमा होत नाही. मागच्या चाकांना ड्रम असले तर त्यांतील लायनर ड्रम काढल्याशिवाय दृष्टीसच पडत नाहीत, आणि हँडब्रेक पूर्वीपेक्षा वर खेचावा लागणे एवढाच काय तो बाहेरून मिळणारा इशारा. पावसाळी रात्रीनंतर पहिल्या दोन-चार ब्रेकला होणारी खरखर गंजाची असते व ती विरते. जी विरत नाही ती चिंतेची. ब्रेक दाबताना गाडी एका अंगाला ओढली जाणे, पॅडल पायाखाली थरथरणे, हीही दुखण्याचीच लक्षणे होत.

परंतु घाटात माझे पॅडल मऊ पडले ते केवळ पॅडमुळे नव्हे. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो तो द्रव हवेतील बाष्प हळूहळू शोषून घेत असतो. डॉट ३ प्रतीचा द्रव कोरडा असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असे प्रमाण आहे, त्यातच ३.७ टक्के पाणी मुरले की हे प्रमाण १४० अंशांवर येते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून धरला, पातळ झालेल्या पॅडमधून उष्णता आत झिरपली, की हा जुना द्रव उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पायाचा जोर चाकापर्यंत न पोहोचता त्या वाफेला दाबण्यातच खर्ची पडतो. म्हणून हा द्रव सामान्यतः दोन वर्षांनी बदलावा, आणि ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे. डबीतील पातळी खाली गेली की वरून भरून मोकळे होणे ही तर घातक हयगय होय, कारण पॅड झिजल्यानेच बहुधा ती पातळी उतरते.

आता सरकारविषयी. मालवाहू व प्रवासी वाहनांना पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खाजगी मोटारीला मात्र नोंदणीनंतर पंधरा वर्षे अशी कोणतीच तपासणी नाही. तिच्या धुराचा दाखला ठरल्या मुदतीने मागितला जातो, पण तिच्या ब्रेकची विचारपूस कोणी करीत नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातील कलम १९० असुरक्षित वाहन रस्त्यावर आणणे दंडनीय ठरविते हे खरे, तथापि तपासणीचा शिरस्ताच नसेल तर कलमाचा उपयोग अपघातानंतरच्या पंचनाम्यापुरता उरतो. आणखी एक दाखला म्हणजे आणखी एक चिरीमिरी, हा आक्षेप मला ठाऊक आहे व तो निराधारही नाही. म्हणूनच माझी मागणी शिक्क्याची नाही, आकड्याची आहे. धुराच्या दाखल्यासोबत वर्षातून एकदा चारी चाकांच्या पॅडची व लायनरची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून मालकाच्या हाती द्यावी, म्हणजे ती खरी की खोटी हे कोणताही मिस्त्री पडताळू शकेल.

तो शिरस्ता पडेपर्यंत वाचकांना माझी विनंती एवढीच आहे, की गणपतीसाठी कोकणात उतरण्याच्या आठवडाभर आधी गाडी गॅरेजमध्ये न्यावी, चारी चाके आपल्यासमोर उतरवून घ्यावीत आणि पॅड स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत.