बांधावरच्या पाथरीची कैफियत

वारणा आणि पंचगंगा या नद्यांच्या पाण्यावर पोसलेल्या हातकणंगले तालुक्यात शेती म्हणजे ऊस आणि ऊस म्हणजे कारखान्याचे बिल, हे समीकरण इतके दृढ झाले आहे की, त्याच उसाच्या बांधावर, पाटाच्या कडेला आणि विहिरीच्या ओलाव्यात कोणी न लावता उगवणाऱ्या पाथरीविषयी वर्तमानपत्रात लिहावे, हे पुष्कळांना अप्रस्तुत वाटेल. पीकपाहणीत तिची नोंद नाही. आणि सातबाऱ्यावर ज्या जमिनीला पोटखराबा म्हणतात तीतच तिचे बिऱ्हाड असल्यामुळे सरकारी दप्तराच्या लेखी ती अस्तित्वातच नाही. तथापि सरीतील तणाबरोबर बांधावरही तणनाशक फवारण्याची जी रीत पडली आहे, तिच्यापायी ही वनस्पती आपल्या ताटातून उठून जाण्याच्या बेतात असल्याने तिची कैफियत मांडणे अगत्याचे झाले आहे.

शेवंती, झेंडू, सूर्यफूल आणि बागेतले ॲस्टर ज्या विस्तीर्ण कुळात मोडतात, त्याच कुळातली पाथरी ही बहुवर्षायू रानवनस्पती होय. ज्याला आपण तिचे एक फूल समजतो तो वस्तुतः अनेक पुष्पकांचा गुच्छ असतो. मात्र ॲस्टरमध्ये मधली पुष्पके नळीसारखी व कडेची पाकळीसारखी असतात, तर पाथरीची झाडून सारी पुष्पके पिवळी, पट्टीसारखी चपटी आणि टोकाशी पाच दाते असलेली असतात. जमिनीलगत वर्तुळाकार पसरलेली तिची कातरलेली पाने तोडताच पांढरा चीक येतो, आणि याच खुणेने ती केसाळ पानांच्या, चीक नसलेल्या एकदांडीहून वेगळी ओळखता येते. लेट्यूस ही तिची जवळची आप्त. विल्यम रॉक्सबर्ग यांनी केलेले तिचे वर्णन त्यांच्या मृत्यूनंतर १८३२ साली 'फ्लोरा इंडिका'त प्रसिद्ध झाले, आणि आज शास्त्रमान्य असलेले लाउनिया प्रोकम्बेन्स हे नाव तिला रामय्या व राजगोपाल या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये दिले.

शास्त्राला तिचा परिचय होण्याच्या कितीतरी आधीपासून भांगलणीला जाणाऱ्या बायांना ती ठाऊक होती. खुरप्याने तण काढता काढता कोवळी पाथरी तेवढी निराळी ठेवायची, आणि दुपारी बांधावर भाकरी सोडली की ती धुऊन, हाताने तोडून, शेंगदाण्याचा कूट, कांदा, मीठ आणि चटणी घालून कच्चीच खायची, किंवा संध्याकाळी घरी डाळ घालून परतायची, हा शेतमजुराच्या घरचा विनामूल्य आणि म्हणूनच अदखलपात्र राहिलेला आहार होता. तिचा किंचित कडवटपणा हाच जाणत्यांना तिचा गुण वाटे. दुभत्या जनावरापुढेही ती आवर्जून टाकीत, कारण तिने दूध वाढते अशी समजूत आहे.

मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर त्यांची मजुरी परवडत नाही, हे शेतकऱ्याचे म्हणणे खोटे नव्हे. कोवळ्या उसाशी तण स्पर्धा करते हेही खरे. सरीत तणनियंत्रण हवेच. परंतु बांधावर कोणते पीक आहे, की ज्याच्या रक्षणासाठी तिथेही फवारा मारावा? खुरप्याने वरचा भाग छाटला तरी जाड मुळात साठवलेल्या अन्नाच्या बळावर पाथरी पुन्हा फुटते. पण ग्लायफोसेटसारखे औषध पानावाटे शिरून मुळापर्यंत उतरत असल्याने तिच्या दीर्घायुष्याचा हा आधारच नष्ट होतो. रिकामा झालेला बांध रिकामा राहत नाही: १९५५च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेले आणि याच कुळातले गाजर गवत आपल्या अगणित बियांनिशी तो बळकावते. खाण्याजोगे, माती धरून ठेवणारे झाड मारून खाज आणणाऱ्या गवताला जागा करून देण्याच्या या व्यवहाराला काटकसर कसे म्हणावे?

यावर उपाय खर्चिक नाही. पांढऱ्या केसांच्या झुपक्यावर तरंगणारे बी वाऱ्याने जाण्यापूर्वी गोळा करून ओलसर मातीत पसरले, किंवा मुळाचा तुकडा जरी पुरला, तरी परसातल्या सांडपाण्याच्या ओलीवर पाथरी धरते. फूल येण्याआधी बाहेरची पाने खुडावीत, मूळ उपटू नये. मग एकच झाड पुनःपुन्हा भाजी देते. गोळा करणाऱ्याने मात्र फवारलेल्या शेतातली किंवा गटाराकाठची पाथरी वर्ज्य मानावी.

पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरवून कृषी विभाग या भाज्यांचे कौतुक करतो, ते स्तुत्यच आहे. परंतु ज्या बांधावरून त्या येतात त्या बांधावर काय फवारावे आणि काय फवारू नये, याविषयी तोच विभाग आणि साखर कारखान्यांचे शेती अधिकारी मौन राखतील, तर मांडवात मांडायला भाजी कुठून येणार? पोटखराबा तणनाशकापासून मुक्त ठेवावा, एवढा सल्ला उसाच्या नोंदीबरोबरच प्रत्येक सभासदाला देण्यास ना कायदा बदलावा लागतो, ना तिजोरीतून रुपया काढावा लागतो.