पाच वाक्यांचं पत्र, 90 लाख गोळ्या

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात कर्मिट नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम चारशे. आपल्याकडे एवढ्या वस्तीला वाडी म्हणतात. या गावातल्या एकाच मेडिकल स्टोअरला दोन वर्षांत हायड्रोकोडोन या अफूवर्गीय वेदनाशामकाच्या सुमारे 90 लाख गोळ्या पुरवल्या गेल्या. भागाकार करून बघा, माणशी बावीस हजारांच्या वर जातं! एरिक आयर या पत्रकाराने एका छोट्या स्थानिक दैनिकात हे आकडे छापले आणि 2017 मध्ये त्याला पुलित्झर मिळालं. त्याने काढलेला संपूर्ण राज्याचा हिशेब असा होता : सहा वर्षांत अशा 78 कोटी गोळ्या आल्या, आणि त्याच काळात याच औषधांच्या अतिसेवनाने 1,728 माणसं गेली.

आता साधा प्रश्न. या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. मग चिठ्ठ्या लिहिल्या कोणी?

‘डोपसिक’ किंवा ‘पेनकिलर’ या सीरिज बिंज केल्या असतील, तर तुमचं उत्तर तयार असेल : पर्ड्यू फार्मा आणि तिचे मालक सॅकलर. उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. कंपनी गोळी बनवते. ती पेशंटच्या हातात द्यायला सही लागते. त्या सहीपर्यंतचा प्रवास बघण्यासारखा आहे.

तो सुरू होतो 1980 मध्ये, एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकातल्या पाच वाक्यांच्या पत्रापासून. हॉस्पिटलमध्ये अशी औषधं दिलेल्या 11,882 पेशंटपैकी व्यसन लागल्याची नोंद फक्त चौघांची, एवढंच त्यात होतं. हे सगळे हॉस्पिटलमध्ये, देखरेखीखाली असलेले लोक. घरी नेऊन महिनोन्‌महिने गोळ्या खाणाऱ्यांबद्दल त्यात अक्षर नव्हतं. तरीही ‘व्यसनाचा धोका एक टक्क्याहून कमी’ हे वाक्य पसरलं. 2017 मध्ये मोजदाद झाली तेव्हा या पत्राचा हवाला 608 वेळा दिला गेल्याचं दिसलं, आणि त्यातल्या बहुतेकांनी ते पेशंट हॉस्पिटलमधले होते हे सांगितलंच नव्हतं. मूळ पेपर न उघडता रेफरन्स चिकटवण्याची सवय फक्त आपल्या असाइनमेंटपुरती नाही तर!

पर्ड्यूने 1996 मध्ये ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणलं. गोळी बारा तास हळूहळू विरघळते, त्यामुळे गैरवापर कमी होईल असं ‘मानलं जातं’, असं लेबलवरच छापलेलं. पुरावा नाही, नुसतं मानलं जातं. गोळी चुरडली की बारा तासांचा डोस एकदम मिळतो, हे गावातल्या पोरांना कळायला वेळ लागला नाही. ते लेबल मंजूर करणारा सरकारी अधिकारी पुढे पर्ड्यूतच नोकरीला लागला. पाच वर्षांत पाच हजारांहून जास्त डॉक्टर, फार्मासिस्ट आणि नर्स कंपनीच्या खर्चाने परिषदांना जाऊन आले. टोप्या वाटल्या, गाण्यांच्या सीडी वाटल्या, पहिलं पाकीट फुकट मिळावं म्हणून कूपन वाटली. पेशंट जास्त गोळ्या मागतोय? मग त्याचं दुखणं अजून थांबलेलं नाही, डोस वाढवा. या तर्काला ‘स्यूडोअ‍ॅडिक्शन’ असं भारदस्त नावही होतं. 1996 मध्ये 4.8 कोटी डॉलरची असलेली विक्री 2000 पर्यंत 110 कोटींच्या आसपास गेली.

इथपर्यंतचे बरेच डॉक्टर फसलेले होते, असं म्हणायला जागा आहे. फ्लोरिडातल्यांबद्दल ती नाही.

तिथे डॉक्टरला स्वतःच्या क्लिनिकमधूनच गोळ्या विकता यायच्या, आणि कोणत्या पेशंटला किती दिल्या हे बघणारा डेटाबेस 2011 पर्यंत चालू नव्हता. मग ‘पिल मिल’ उभ्या राहिल्या, म्हणजे गोळ्यांच्या गिरण्याच. त्यातली ‘अमेरिकन पेन’ ही सगळ्यात कुप्रसिद्ध. मालक दोन भाऊ, दोघांचाही वैद्यकाशी संबंध नाही. डॉक्टर पगारी, पैसे दर पेशंटमागे. कागद पक्के राहावेत म्हणून एमआरआयचा रिपोर्ट मागायचे, तपासणी मिनिटांत उरकायची, व्यवहार रोखीत. बाहेर केंटकी, ओहायो, वेस्ट व्हर्जिनियाच्या नंबर प्लेट. 2010 मध्ये अमेरिकेत स्वतःच्या दवाखान्यातून सर्वाधिक ऑक्सिकोडोन विकणाऱ्या शंभर डॉक्टरांपैकी 98 एकट्या फ्लोरिडातले होते. कायदा कडक झाला, क्लिनिकं बंद पडली आणि 2010 ते 2012 या दोनच वर्षांत तिथला ऑक्सिकोडोनमुळे होणारा मृत्युदर निम्म्यावर आला. म्हणजे हे थांबवता येत होतं.

या कथेत एक मुंबईकर धागाही आहे. अमृतसरला जन्मलेले, मुंबई विद्यापीठातून फार्मसी शिकून अमेरिकेला गेलेले जॉन कपूर. त्यांच्या ‘इन्सिस’ कंपनीचा फेंटानिलचा स्प्रे कॅन्सरच्या असह्य वेदनांसाठी मंजूर झालेला. इन्सिसने डॉक्टरांना ‘व्याख्यानाचं मानधन’ दिलं, आणि बदल्यात कॅन्सर नसलेल्यांनाही स्प्रेच्या चिठ्ठ्या मिळू लागल्या. 2019 मध्ये कपूर दोषी ठरले आणि 2020 मध्ये त्यांना साडेपाच वर्षांची शिक्षा झाली. कॅलिफोर्नियात तर बेफिकीर चिठ्ठ्यांमुळे पेशंट दगावले म्हणून एका डॉक्टरला खुनाबद्दल किमान तीस वर्षांची जन्मठेप झाली. पर्ड्यूने 2007 आणि 2020 अशी दोनदा न्यायालयात गुन्ह्याची कबुली दिली. सॅकलर कुटुंबातलं मात्र कोणीही तुरुंगात गेलेलं नाही.

चिठ्ठ्या आटल्या तरी व्यसन आटलं नाही. ज्यांची गोळी बंद झाली त्यातले कितीतरी हेरॉइनकडे गेले, आणि पुढे त्या बाजारात बेकायदा फेंटानिल शिरलं. 2022 मध्ये अमेरिकेत ड्रग्जच्या अतिसेवनाने लाखाहून जास्त मृत्यू झाले. दुसरीकडे, घाबरलेल्या डॉक्टरांनी खरोखर दुखणं असलेल्यांचेही डोस एकदम तोडले. त्यांचे हाल मोजायला पुलित्झरवाला कोणी गेला नाही.

आपल्याकडची गोष्ट बरीचशी उलटी आहे. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने हॉस्पिटलं मॉर्फिन ठेवायलाच कचरायची. कायद्यात 2014 मध्ये सुधारणा झाली, तरी शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर पेशंटच्या घरच्यांना आजही मॉर्फिनसाठी वणवण करावी लागते. त्यामुळे अमेरिकेची भीती जशीच्या तशी इथे आयात करण्यात अर्थ नाही.

निर्यात मात्र आपण केली. फेब्रुवारी 2025 मध्ये बीबीसीने मुंबईच्या एका औषध कंपनीचं प्रकरण बाहेर काढलं. टॅपेन्टाडॉल हे अफूसारखं काम करणारं वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडोल हे स्नायू सैल करणारं औषध एकाच गोळीत घालून ती पश्चिम आफ्रिकेत पाठवली जात होती. अशा मिश्रणाला जगात कुठेच परवाना नाही. बातमी आल्यावर केंद्राने या गोळीची निर्यात थांबवली आणि कंपनीतलं काम बंद पाडलं. घाना, नायजेरियाच्या रस्त्यांवर ती गोळी घ्यायला डॉक्टरची चिठ्ठीही लागत नव्हती.