मॅकची यादी म्हणजे कुलूप नव्हे

जळगाव जामोदसारख्या तालुक्याच्या गावातही सेतू केंद्र, पतसंस्था, अभ्यासिका यांचा कारभार आता वायफायवर चालतो. राउटर बसवणारा जाताना ‘मॅक फिल्टर लावलाय, बाहेरचं कुणी शिरणार नाही’ असे सांगतो आणि सगळे निर्धास्त होतात. हा निर्धास्तपणा घातक आहे.

प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच बारा अंकाक्षरांचा ‘मॅक’ पत्ता मिळतो. निम्म्या पत्त्यावरून उत्पादक कळतो. राउटरमध्ये अशा पत्त्यांची यादी भरली की यादीबाहेरच्या यंत्राला तो जोडून घेत नाही. पण वायफायवरचा मजकूर कूटबद्ध असला तरी हा पत्ता उघडाच फिरतो. रस्त्यावर लॅपटॉप घेऊन बसलेला माणूस फुकटच्या सॉफ्टवेअरने तो वाचतो, आपल्या यंत्राला लावतो. मग पासवर्ड नसेल किंवा साऱ्या गावाला ठाऊक असेल, तर तो आत आलाच. शिवाय अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन सहसा वायफायला खरा पत्ता देतच नाहीत. म्हणजे यादीत अडकतो तो आपलाच कर्मचारी.

२००८ विसरता येत नाही. २६ जुलैच्या अहमदाबाद स्फोटांआधीचा धमकीचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका घराच्या असुरक्षित वायफायवरून गेला. आयपी पत्त्यावरून तपास त्या घरापर्यंत पोहोचला आणि तिथल्या रहिवाशाला चौकशीला सामोरे जावे लागले. बाहेरून दिसतो तो जोडणीचा आयपी पत्ता; यंत्राचा मॅक पत्ता राउटरच्या पुढे इंटरनेटवर जातच नाही. आपल्या जोडणीवरून परक्याने काही केले, तर पहिला जाब आपल्यालाच द्यावा लागतो.

यादी जरूर ठेवावी, पण कोणती यंत्रे आपली आहेत याची नोंदवही म्हणून. पहारा द्यायचा तो डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ या कूटबद्धतेने आणि लांब पासवर्डने. राउटरचा मूळचा ‘अ‍ॅडमिन’ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, पासवर्ड न टाकता जोडून देणारी डब्ल्यूपीएस सोय बंद करावी, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी वेगळे गेस्ट नेटवर्क द्यावे. यातल्या बहुतेक सोयी आजच्या साध्या राउटरमध्येही असतात. त्यासाठी वेगळा खर्च नाही. पतसंस्थेत ठेवीदारांचे पैसे आहेत, सेतू केंद्रात लोकांची आधार कार्डे आणि सातबारे. तेव्हा ठेवीदारांनी येत्या वार्षिक सभेत विचारावे: राउटरचा पासवर्ड शेवटचा कधी बदलला, आणि तो कुणाकुणाला माहीत आहे?