सुटीतली चूल कोणी पेटवायची?

शाळांना सुट्या लागायच्या आधी पंधरा दिवस आमच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, कोकणात चाललोय. बंगला घेतलाय, गॅस-भांडी सगळं आहे. पण हिचं म्हणणं, तिथे जाऊनही पोळ्याच लाटायच्या तर वाघोली काय वाईट? चार दिवस बाहेर खाल्लं तर चालेल ना?" विचारतो नवरा, बायको शेजारी बसून उत्तराकडे कान लावून असते. सुट्या संपल्या की पहिल्या सोमवारी यातलीच काही मंडळी पोट धरून पुन्हा समोर बसलेली असतात.

या प्रश्नाला दोन ठरीव उत्तरे आहेत. वडीलधारे म्हणतात, "घरचे ते घरचे." तरुण म्हणतात, "चार दिवसांनी काय होतेय?" मी डॉक्टर असूनही ही दोन्ही उत्तरे स्वतःच्या घरावर आजमावून पाहिली आणि दोन्ही वेळा तोंडघशी पडलो. ती हकीकत आज सांगतो.

घरच्या भाताचा धडा

२०२२ च्या मे महिन्यात आम्ही दोघे भाऊ, आमची कुटुंबे आणि आई अशी अकरा माणसे दापोली तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर गेलो. पहाटे चारला वाघोली सोडली, ताम्हिणी घाट उतरलो. स्वयंपाकघर असलेला बंगला घेतला होता. मी आधीच फर्मान काढले होते, की बाहेरचा घाससुद्धा घ्यायचा नाही. तांदूळ, डाळी, कणीक, मसाले सगळे गाडीतून नेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला जेवणे झाली. पातेलेभर भात उरला. फ्रीज लहान, त्यात पाण्याच्या बाटल्या, दूध आणि आंबे कोंबलेले. भात ओट्यावरच राहिला. संध्याकाळी सगळे समुद्रावर, परतलो तो आठ वाजता. रात्री कोणी त्याच्याकडे पाहिले नाही. सकाळी त्याचाच फोडणीचा भात झाला. अकराच्या सुमारास तीन मुले आणि धाकटा भाऊ, चौघांनाही उलट्या सुरू झाल्या.

आईने खापर फोडले किनाऱ्यावरच्या गोळ्यावर. पण गोळा खाऊन भात न खाल्लेली दोन मुले अंगणात क्रिकेट खेळत होती आणि गोळ्याला हातही न लावलेला माझा भाऊ आडवा झाला होता. प्रयोगशाळेतला पुरावा माझ्याकडे नाही. तरीही सगळी लक्षणे भाताकडेच बोट दाखवत होती.

बॅसिलस सिरियस नावाचा एक जंतू कच्च्या तांदळात बऱ्याचदा असतो. त्याचे बीजाणू भात शिजताना मरत नाहीत. भात उष्ण-दमट हवेत तासन्‌तास राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. हे विष असे चिवट, की खमंग फोडणी दिली, भात वाफाळेपर्यंत गरम केला, तरी ते तसेच राहते. खाल्ल्यापासून अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात.

शिजलेले अन्न साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात ठेवले, की जंतूंची चंगळ असते. म्हणून ते दोन तासांच्या आत खावे किंवा फ्रीजमध्ये ठेवावे. हवा ३२ अंशांच्या वर असेल, तर हा अवधी एक तासावर येतो. कोकणातल्या मे महिन्यात ओट्यावरच्या पातेल्याला मिळतो तो एकच तास! अन्न घरचे की बाहेरचे, हे त्या जंतूला कळत नाही. त्याला फक्त वेळ आणि ऊब कळते.

या सहलीचा आणखी एक धडा मला घरी आल्यावर मिळाला. सौ.ला सहज विचारले, "समुद्र कसा वाटला?" ती म्हणाली, "आवाज छान येत होता."

मी तेव्हा हसलो. मग बसून हिशेब केला. अकरा माणसे, माणशी तीन पोळ्या, दोन वेळा, तीन दिवस, म्हणजे जवळजवळ दोनशे पोळ्या. त्या लाटल्या सौ.ने आणि वहिनीने. भाजी, आमटी, चहा आणि आजाऱ्यांची पेज वेगळी. परतल्यावर आठ दिवस सौ. कंबर धरून होती. ज्या सुटीतून घरातली एक व्यक्ती अधिक दमून येते, ती त्या कुटुंबाची सुटी म्हणता येणार नाही. विश्रांती हीसुद्धा आरोग्याचीच बाब आहे.

दुसऱ्या टोकाचा धडा

पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, मी उलटे फर्मान काढले. चारही दिवस चहापासून जेवणापर्यंत सगळे बाहेर. यावेळी उलट्या कोणालाही झाल्या नाहीत. पण तिसऱ्या दिवशी आईच्या पावलांवर सूज दिसली. रक्तदाब मोजला तर १७८ / १०२. गोळी ती वेळेवर घेत होती. मग झाले काय? रोज दोन वेळा पापड, लोणचे, दाट रश्शाच्या भाज्या, मधल्या वेळी भजी आणि फरसाण. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे. म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, तोही सगळ्या पदार्थांतला मिळून. हॉटेलच्या ताटात हा चमचा कधी ओलांडला जातो, ते जिभेला कळतही नाही.

धाकट्या भावाला मधुमेह आहे. सलग सुट्यांमुळे सगळीकडे गर्दी. एका दुपारी त्याने सवयीप्रमाणे एक वाजता गोळी घेतली आणि ताट समोर आले ते सव्वादोनला. तोवर त्याला दरदरून घाम सुटला होता, हात कापत होते. सरबत पाजले, तेव्हा कुठे तो सावरला. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्शुलिन घेणाऱ्यांनी हे पक्के ध्यानात ठेवावे: जेवण समोर येण्याची खात्री झाल्यावरच डोस घ्यावा आणि खिशात खडीसाखर किंवा ग्लुकोज असावे. डोस जेवणाच्या किती आधी घ्यायचा, हे आपल्या डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

तळणीच्या तेलाचेही पाहा. वारंवार तापवलेल्या तेलात जे घटक वाढतात, त्यांना भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. पण कढईतले तेल कितव्यांदा तापते आहे, हे गिऱ्हाइकाला टेबलावरून कसे दिसणार?

हॉटेलवाल्यांना दोष देण्याचा हेतू नाही. ज्या हॉटेलात गिऱ्हाइकांची ये-जा सतत असते, जिथे ताटात वाफाळते अन्न येते, ते आमच्या त्या ओट्यावरच्या भातापेक्षा नक्कीच सुरक्षित. एक-दोन वेळचे बाहेरचे जेवण निरोगी माणसाला बाधत नाही. पण रक्तदाबाचा, मधुमेहाचा रुग्ण किंवा लहान मूल बरोबर असताना चार दिवसांची आठही जेवणे बाहेर घेणे, हे मी डॉक्टर म्हणून सुचवणार नाही.

शिदोरीतले शहाणपण

आपल्याकडे प्रवासात स्वतः शिजवून खाणे ही काही नवी रीत नाही. जेजुरीला, पंढरपूरला जाणारी माणसे शिधा बरोबर घेत, धर्मशाळेच्या आवारात तीन दगड मांडून पिठले-भात करत. वारीच्या दिंडीबरोबर आजही भांडी आणि शिधा घेऊन वाहन चालते. पाणी कोण आणणार, जळण कोण पाहणार, वाढायला कोण, ही कामे तिथे वाटून दिलेली असतात. कोणा एका माऊलीवर अवघ्या दिंडीचा भार टाकत नाहीत. आपल्या सहलींनी दिंडीकडून एवढे तरी शिकावे.

वाटेवरच्या खाण्यासाठी असे दशम्या, तिळाची चटणी, गूळपोळी, मेतकूट, भाजलेल्या पिठाचे लाडू. यातल्या कोरड्या पदार्थांत पाण्याचा अंश कमी असल्याने जंतूंना वाढायला वाव मिळत नाही. आजीला जंतुशास्त्र ठाऊक नव्हते, पण काय टिकते आणि काय नासते, हे तिला आपल्यापेक्षा चांगले कळत होते.

तिसऱ्या वर्षीची वाटणी

२०२४ मध्ये निघण्यापूर्वीच आम्ही घरात बसून वाटणी ठरवली. ती सांगतो, ज्याने त्याने आपल्या घराप्रमाणे फेरफार करावा.

सकाळची न्याहारी आपल्याच स्वयंपाकघरात: पोहे, उपमा, उकडलेली अंडी, दूध, केळी. ती करायची आम्ही दोघा भावांनी. पहिल्या दिवशी पोह्यांचा लगदा झाला. कोणी मेले नाही.

दुपारचे जेवण गावातल्या घरगुती खानावळीत. कोकणात ही मोठी सोय आहे. सकाळी जाऊन किती माणसे, शाकाहारी किती, हे सांगायचे. मग तेवढ्याच माणसांचा स्वयंपाक चुलीवर चढतो. मोजून केल्याने शिळे उरण्याचा प्रश्न कमी आणि जेवण ठरल्या वेळी मिळते. आईसाठी मीठ बेताचे घाला म्हणून सांगितले, तर तिथल्या काकूंनी आमटीची वाटी आधीच वेगळी काढून ठेवली. असे सांगणे मोठ्या हॉटेलात सहसा पोचत नाही. शिवाय चार पैसे गावातल्याच एका घरात जातात.

रात्री एकाच भांड्यातला स्वयंपाक: मुगाची खिचडी किंवा पिठले-भात. तोही आमच्याकडेच. नियम एवढाच, की थोडे कमी पडले तरी चालेल, पण उरता कामा नये. अन्न टाकायला आपला जीव धजत नाही. म्हणूनच आधण मोजून ठेवावे. एक रात्र मुलांच्या मर्जीने हॉटेलात. तिथे गरम पदार्थ मागवायचे. कापून ठेवलेली कोशिंबीर, उघड्या चटण्या आणि बर्फ टाळायचा.

मासे खाणाऱ्यांसाठी दोन शब्द. बांगडा, सुरमई यांसारखे मासे बर्फाविना राहिले, तर त्यांत हिस्टामीन तयार होते आणि शिजवल्यानेही ते जात नाही. खाल्ल्यावर चेहरा लाल होणे, अंगाला खाज, डोकेदुखी ही त्याची लक्षणे. म्हणून बर्फातलाच मासा घ्यावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत कोणी "आत्ताच आलाय" म्हणाले, तर कुठून आला, एवढे विचारावे.

पाण्याबाबत तडजोड नको

आपल्या वाघोलीत टँकरचे पाणी अनेक सोसायट्यांच्या सवयीचे. घरी ते गाळून, उकळून पिणारी माणसे सुटीवर गेली, की टेबलावरच्या जगातले पाणी बिनदिक्कत पितात. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड या भागांत गिया-बारे विकाराची साथ आली. दोनशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. दूषित पाणी आणि अर्धवट शिजलेले चिकन हे त्याचे नेहमीचे मार्ग. भाड्याच्या बंगल्यात गॅस असतोच. रोज रात्री पातेलेभर पाणी खळखळ उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळावे आणि झाकून ठेवावे. स्वयंपाकघराचा एवढा एकच उपयोग केला, तरी भाडे वसूल झाले समजा.

एवढे करूनही जुलाब-उलट्या झाल्याच, तर जलसंजीवनीचे पुडे सामानात हवेत. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या अशाच मिश्रणाने कॉलऱ्याच्या असंख्य रुग्णांना जीवदान दिले. पुड्यावर लिहिलेल्या मापाइतकेच पाणी घ्यावे, थोडे थोडे पाजावे आणि २४ तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. पुडा नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मूल मलूल झाले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, शौचात रक्त दिसले किंवा पाणीही पोटात ठरेना, तर घरगुती उपाय थांबवून जवळचे आरोग्य केंद्र गाठावे. गाडीची सोय नसेल तर १०८ क्रमांक फिरवावा.

तेव्हा दवाखान्यात तो प्रश्न विचारणाऱ्या नवऱ्यांना माझे उत्तर असे: स्वयंपाकघर असलेली जागा जरूर घ्या. आजारी, म्हातारे, लहान मुले बरोबर असतील तर ती औषधाच्या पेटीइतकी उपयोगी आहे. पण त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे ते आधी तुम्ही. कणीक मळता येत नसेल, तर खिचडी तरी शिकून घ्या; निघायला पंधरा दिवस आहेत.

परवा सौ.ने स्वतःहून विचारले, "यंदा कुठे जायचं?" २०२२ च्या सहलीनंतर हा प्रश्न तिने कधी काढला नव्हता.